पंखा चालू होता

दर रविवारी सकाळी मी कांदा चिरत असतो तेव्हा मुलीचा फोन येतो. आमचं बोलणं साधारण असं होतं.

"बाबा, जेवले का?"

"आता पोहे करून राहिलो. जेवण मग."

"तब्येत?"

"ठणठणीत. तुझी?"

"मस्त. थोडा घसा धरला आहे, खोलीतल्या एसीनं."

"गरम पाणी पीत जा."

"हाव. बाकी सगळं ठीक?"

"इकडे सगळं ठीक आहे."

यानंतर दोघंही गप्प. तिकडे एखादं भांडं वाजतं, इकडे गल्लीतून भाजीवाला ओरडत जातो. मग कुणीतरी एक जण "बरं, ठेवू?" म्हणतो आणि दुसऱ्याला हायसं वाटतं. ती दक्षिणेतल्या एका शहरात भौतिकशास्त्रात संशोधन करते. मी नागपुरात प्रताप नगरला राहतो आणि ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. म्हणजे ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना "मनातलं लिहा रे" म्हणून दामटलं, त्याचं स्वतःच्या पोरीशी बोलणं डॉक्टरच्या चिठ्ठीएवढं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पूर्वी तिची आई होती. फोन मी उचलला तरी माझं वाक्य एकच असायचं, "थांब, आईला देतो." मग त्या दोघी बोलत बसायच्या आणि मी पेपरमागे तोंड लपवून ऐकत असायचो. फोन ठेवल्यावर बायको मला सारांश सांगायची. पोरांना सारांशलेखन शिकवता शिकवता मी घरीही सारांशावरच जगलो, आणि त्यात मला काही कमी पडलं नाही. ती गेली तेव्हा फोन माझ्या हातात आला आणि सारांश सांगणारं कुणी राहिलं नाही.

एकटं राहण्याची माणसाला सवय होते. मी छोटा कुकर आणला. बाहेर पडताना "येतो गं" म्हणायचं तोंडात यायचं, तेही हळूहळू थांबलं. पण रविवारी फोन ठेवल्यावर घर जे गप्प होतं, त्याची सवय मला झालेली नाही. मला माझ्या मुलीशी एकदा खरं बोलायचं होतं. ते कसं करतात, हे मात्र मला या वयात कुणाला विचारता येत नव्हतं.

तिच्या शब्दावर मात्र माझा पूर्ण भरवसा होता. ती ठीक म्हणाली म्हणजे ठीकच असणार. या पोरीला खोटं बोलता येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बोलणं सोडा, तिला खोटं लिहिताही यायचं नाही. शाळेत निबंध आला होता, 'मी पक्षी झाले तर'. ही कोरा कागद घेऊन माझ्यापुढे बसली.

"बाबा, पक्षी झाल्यावर मले पेन कसा धरता येईल? मग हा निबंध कोण लिहून राहिलं?"

"अगं, कल्पना कर ना वं!"

"पण मी झालीच नाही ना पक्षी. मी कशी सांगू?"

शेवटी तिनं पक्ष्यांची हाडं पोकळ का असतात यावर पानभर लिहून नेलं. बाईंनी काठावर पास केलं. मराठीच्या मास्तरची पोर म्हणून मला जरा लाज वाटली, बायकोला मात्र हसू आवरेना. पुढे विज्ञान शाखेत गेल्यावर ही पडद्याच्या दोरीला कुलूप बांधायची आणि त्याचे झोके मोजत बसायची. उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही की परत पहिल्यापासून. मी म्हणायचो, ही पोर विज्ञानाची, आपल्या वाटेची नव्हे. तसं म्हणून मोकळा झालो होतो.

आता कॉलेजचं सांगतो. आमच्याकडची विज्ञानाची पोरं कागदावर आमची, पण जीव त्यांचा रामदासपेठेतल्या क्लासेसमध्ये. डॉक्टर आणि इंजिनिअर व्हायचं म्हटल्यावर मराठी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आठवडाभर मी बाकांची हजेरी घ्यायचो. फक्त शनिवारी प्रॅक्टिकलला त्यांना यावंच लागे. प्राचार्यांनी ते हेरलं आणि माझा तास प्रॅक्टिकलला जोडून प्रयोगशाळेतच टाकला. म्हणाले, "पोरं एकदा जिना उतरली की हातची गेली, सर." अशा रीतीनं उतारवयात माझी बदली भौतिकशास्त्रात झाली. बसायला स्टुलं, समोर तारा आणि काटे, डोक्यावर एक पंखा. त्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं आणि तो माझ्या माहितीत कधी फिरलेला नाही. मे महिन्याच्या तोंडावरही नाही.

तरी मी आनंदानं जायचो. खरं सांगायचं तर आठवड्यात माझ्याकडे तोंड करून बसणारी माणसं तेवढीच होती.

सुरुवातीला माझा पार फज्जा उडाला. मी म्हटलं, "आईवर लिहा." एकानं लिहिलं, "आई. एक, स्वयंपाक करते. दोन, रागावते. तीन, महत्त्वाची आहे." दुसऱ्यानं विचारलं, "सर, हे किती मार्काचं?" तिसरीनं सांगितलं, "सर, तुम्ही मॉडेल आन्सर देऊन द्या ना, आम्ही पाठ करतो." मी चिडलो. तुमच्या डोक्यात मेंदू आहे की कॅल्क्युलेटर, असंही बोललो. पोरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण त्यांना रोज याहून वाईट ऐकायची सवय होती. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हणत मी घरी आलो आणि रात्रीचं जेवण न करताच आडवा झालो.

मग एका शनिवारी मी तासाच्या आधीच जाऊन मागच्या स्टुलावर बसलो. प्रयोग लंबकाचा होता. दोरीला गोळा टांगायचा, झोक्याला किती वेळ लागतो ते घ्यायचं, त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. माझ्यासमोर शहराबाहेरच्या वाडी भागातून येणारी एक मुलगी तक्ता भरत होती आणि तिच्या गटातली बाकीची तो उतरवून घेत होती. गोळा मात्र जागचा हललेला नव्हता.

मी वाकून विचारलं, "काय करून राहिली वं? लंबक तर उभाच आहे."

ती दचकली, पण खोटं बोलली नाही. "सर, हलवून काय करता? उत्तर तर माहीतच आहे. उत्तरावरून मागं मागं यायचं आणि रीडिंग बनवायचं. सगळेच करतात."

"मग सगळ्यांची एकसारखी बरोबर येत असतील."

"एकदम बरोबर आलं तर मॅडम पकडतात ना! म्हणून एक रीडिंग थोडं बिघडवून द्यायचं. हे पाहा, तिसरं बिघडवलं." मग तिनं खाली लिहिलेली ओळ दाखवली. चुकीचं कारण, पंखा चालू होता.

मी वर पाहिलं. वाकलेल्या पात्यावर धूळ होती. नसलेल्या वाऱ्यानं तिनं न हललेल्या गोळ्याला धक्का दिला होता, आणि ते मला खरं वाटलं होतं. मी हसत सुटलो. ज्या पोरांना कल्पना नाही म्हणून मी कपाळ बडवत होतो, ती दर शनिवारी एक कथा रचून तपासायला देत होती आणि पूर्ण मार्क घेऊन जात होती.

त्या दिवशी तासाला मी पुस्तक उघडलं नाही. फळ्यावर लिहिलं, "आजोबांनी नवे जोडे परत कपाटात ठेवून दिले." म्हटलं, "हे उत्तर. आता मागं मागं या. मला याआधीची तीन रीडिंग्ज द्या. एक बिघडलेलं पाहिजे. घरी बोलता तसं लिहा, मार्क नाहीत." पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग एकाएकी सगळ्यांनी माना खाली घातल्या. आईवर तीन ओळी लिहिणाऱ्या पोरानं लिहिलं की आजोबा रोज जोडे घालून फाटकापर्यंत जातात, ज्या मित्राबरोबर फिरायचं तो येत नाही, आणि विचारलं तर म्हणतात जोडे चावतात. मी ते तीनदा वाचलं. मला त्याची माफी मागावीशी वाटली, पण मास्तरकीच्या अंगात ते बसत नाही, म्हणून त्याला नुसतं "ठीक आहे" म्हणालो. तो एवढ्यानंही खूश झाला.

भौतिकशास्त्राच्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून आल्या. "काय सर, तुम्ही पोरांना खोटी रीडिंग्ज शिकवून राहिले?"

"शिकवत नाही, मॅडम. तुमच्याकडून शिकून आलेत, मी फक्त वापरून राहिलो."

त्यांना हसू आलं. पोरांना मी नीट बजावलं की प्रयोगात बनवायचं नाही, बनवायचं ते माझ्या तासाला. मग मी मॅडमना सहज विचारलं, तुम्ही पकडता तरी कसं? त्या म्हणाल्या, "सोपं आहे. ज्याचं खरंच चुकलं त्याले कारण ठाऊक नसते, तो डोकं खाजवत उभा राहते. कारण तयार असलं की मी समजून जाते." मला हे इतकं आवडलं की पुढच्या तासाला मी तेही सांगून टाकलं. गोष्टीतल्या माणसाजवळ कारण तयार असलं की समजा, तो काहीतरी झाकतो आहे. पोरांनी माना डोलावल्या. त्यांना हे माझ्याहून आधी माहीत असावं.

शनिवार बरे जाऊ लागले. तास संपला तरी पोरं जिन्यावरून वळून विचारायची, "सर, पुढच्या वेळचं उत्तर आताच सांगा ना." शनिवारच्या संध्याकाळी घरी येताना मी स्वतःशी बोलत यायचो. घराचं कुलूप काढलं की ते बोलणं थांबायचं, कारण हे कुणाला सांगावं असं आत कुणी नव्हतं. मुलीला सांगता आलं असतं. रविवारी फोनवर मी म्हणायचो, "कॉलेज ठीक." तिला पक्ष्याचा निबंध आठवेल आणि बाबा टोमणा मारताहेत असं वाटेल, अशी मला उगाच भीती होती.

एका शनिवारी मला उत्तर सुचेना. पोरं खडूकडे बघत होती. हातून आपोआप फळ्यावर लिहिलं गेलं, "इकडे सगळं ठीक आहे." लिहून झाल्यावर लक्षात आलं की हे माझंच रविवारचं वाक्य. म्हटलं असू दे. "एक माणूस फोनवर असं म्हणाला. द्या रीडिंग्ज." मला वाटलं, पोरं म्हाताऱ्यांवर लिहितील. कुणी गावची आजी काढेल, कुणी गुडघेदुखी काढेल. थोडी आपलीच कीव करून घेता येईल, असाही विचार मनात होता.

एकानंही म्हातारा लिहिला नाही. कुणी गोंदियाहून आलेलं, कुणी यवतमाळहून, कुणी वर्ध्याहून. होस्टेलात, भाड्याच्या खोल्यांत राहणारी ही पोरं. फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणणारं माणूस म्हणजे त्यांच्या लेखी पोरच होतं. घरी फोन करणारं पोर. मी एकेक कागद पाहत गेलो.

वाडीची मुलगी वाचायला उठली. तिचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. आई गावी आजारी आजीजवळ असते, म्हणून वाडीतल्या गोदामांच्या मागच्या एका खोलीत ही बरेचदा एकटीच असते. हे आम्हाला माहीत होतं, पण जसं माणसाचं आडनाव माहीत असावं तसं. ती वाचू लागली.

"रीडिंग एक. पप्पाने विचारलं, जेवली का. म्हटलं, हाव, वांग्याची भाजी केली. वांगे टोपलीतच होते.

रीडिंग दोन. पप्पाने विचारलं, एकटीले भेव लागते का. म्हटलं, खाली काकू आहेत ना. काकू गावाले गेल्या होत्या.

रीडिंग तीन. पप्पाने विचारलं, आवाज काहून असा येऊन राहिला. म्हटलं, बाजूवाल्या मिरच्या भाजून राहिल्या, ठसका लागला. बाजूच्या खोलीले कुलूप आहे.

उत्तर. इकडे सगळं ठीक आहे पप्पा, तुम्ही गाडी पाहून चालवा."

ती खाली बसली. प्रयोगशाळेत नळाचं पाणी तेवढं टपकत होतं. मी 'छान' म्हणालो नाही. 

मागून एक जण म्हणाला, "सर, हे तर सगळेच करतात. आपण ठीक नाही म्हटलं तर ते तिकडून काय करतील? नुसता जीव खालीवर होते त्यांचा."

"आणि त्यांना कळत नसेल?" मी विचारलं. 

त्याचं उत्तर त्या मुलीनं दिलं. "कळत असन सर. पण तेही ठीकच म्हणतात. मग दोघायचं उत्तर जुळते."

तास संपल्यावर तिनं जवळ येऊन सांगितलं, "सर, बनवलेलं आहे, हां." मी म्हटलं, "हो, मला माहीत आहे." मॅडम वाडीच्याच वाटेवर, अमरावती रोडला राहतात. त्यांनी ऐकलं असावं, कारण पुढे ती मुलगी संध्याकाळी त्यांच्या स्कुटीवर मागं बसून जाताना दिसू लागली. त्यावर आम्ही तिघंही काही बोललो नाही.

त्या शनिवारी मी घरी आलो आणि दिवा न लावता बसून राहिलो. हाडं पोकळ का असतात ते लिहिणारी माझी पोर डोळ्यांसमोर होती. मागे तिचा घसा बसला होता तेव्हा ती म्हणाली होती, एसीनं. दिवाळीला आली नाही तेव्हाही आवाज तसाच होता आणि कारणही तेच. कधी मी विचारण्याआधीच कारण येऊन जायचं. मी दर वेळी गरम पाणी सांगत आलो होतो. मला तिची फार आठवण आली, आणि तिच्या आईची त्याहून जास्त. ती असती तर हे तिला पहिल्याच फोनला कळलं असतं.

रविवारी फोन आला. मी कांदा चिरत नव्हतो. नुसता फोनसमोर बसून होतो.

"बाबा, जेवले का?"

"नाही."

"मग पोहे?"

"तेही नाही केले. कालही काही केलं नव्हतं." इथपर्यंत आलो आणि आता मागं फिरता येणार नाही हे मला कळलं. "मले एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येते. घरात करमत नाही. तुझी आई नाही तर या घरात बोलायचं कोणाशी, तेच समजत नाही. इकडे काही ठीक नाही वं."

 पलीकडे भांडंही वाजलं नाही. मला वाटलं, आपण पोरीच्या डोक्यावर उगाच ओझं टाकलं. आता ती म्हणेल, बाबा, एखाद्या डॉक्टरला दाखवा. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिलासुद्धा.

मग तिचा आवाज आला, बसलेला.

"बाबा."

"बोल."

"माझ्या खोलीत एसी नाही. कधी नव्हताच."

आणि ती रडू लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं, मध्ये मध्ये श्वास अडकवून. फोन माझ्या कानाला होता. माझ्या तोंडात सवयीनं तेच जुनं वाक्य आलं, थांब, आईला देतो. ते मी गिळलं आणि म्हटलं, "सांग. मी ऐकून राहिलो."